हात धुण्याची सहा चित्रं

सातिवलीच्या आमच्या गाळ्यात जेवणाचे डबे उघडले की एक ना एक किस्सा निघतोच. बाहेर सांगितला तर लोक म्हणतात, "काहीही फेकता तुम्ही!" आम्ही हँडवॉश बनवतो. दिवसभर बाटल्या भरायच्या, पंप बसवायचे, लेबल चिकटवायचं. मी चेकिंगला असते. आणि आमच्याच बेसिनवर साबण नाही!

*

साथीच्या दिवसांत मी मॅनेजरसाहेबांना विचारलं, "साहेब, एक बाटली बेसिनवर ठेवूया का? घरोघरी फ्लू आहे."

साहेब हसले. "अहो मॅडम, संपली की रोज भरत कोण बसणार?"

माझ्यामागे बारा बायका तेच करत बसल्या होत्या.

*

पाचूबंदरच्या रोझीमावशींनी मग घरून साबणाची वडी आणली. वॉचमनने गेटवरच अडवलं. "आत साबण न्यायचा नाही. संध्याकाळी बाहेर नेताना कंपनीचा कुठला आणि तुमचा कुठला, कसं कळणार?"

"आरं बाबा, तुमचा साबन पातल, माजी वडी! डोले हायेत ना तुला?"

वडी जप्त झाली. दुसऱ्या दिवशी वॉचमन त्याच वडीने तोंड धूत होता!

*

पॅकिंगला सुनीता होती, जूचंद्रची. नखं कायम कापलेली, हात देखणे. माल घेणाऱ्या कंपनीने बेसिनवर हात धुण्याचं पोस्टर लावायला सांगितलं, तेव्हा साहेबांनी तिच्याच हातांचे फोटो काढले. तळवे, बोटांच्या फटी, अंगठा, मनगट, अशी सहा चित्रं. फेस यायला हवा म्हणून एक बाटली उघडली. सहावा फोटो झाला आणि बाटली स्टोअरला परत गेली.

सुनीताला तेव्हा सहावा महिना होता. पोस्टरखाली उभी राहून नुसत्या पाण्याने हात धुवायची आणि म्हणायची, "बघा ताई, माझे वरचे हात किती स्वच्छ आहेत!"

आम्ही हसायचो. आता त्या हसण्याचीच लाज वाटते.

*

आमच्याकडे एक नियम आहे. आजारपणाची रजा हवी असेल तर आधी कामावर येऊन साहेबांना तोंड दाखवायचं. फोनवर लोक खोटं बोलतात म्हणे! त्यामुळे तापाने फणफणलेल्या बायका यायच्या, हातावर शिंकायच्या, त्याच हाताचा अंगठा हजेरीच्या मशीनवर लावायच्या आणि केबिनबाहेर खोकत बसायच्या. त्यांच्यामागून त्याच मशीनवर सुनीताचा अंगठा.

मी म्हटलं, "साहेब, पोटुशी बाई आहे. तिला तरी मशीनपासून सूट द्या."

"एकीला दिली की सगळ्या मागतील!"

आठवड्याने साहेबच आजारी पडले. तोंड दाखवायला आले नाहीत. फोन केला.

*

त्याच दिवशी सुनीता ताप घेऊन आली. नियमाप्रमाणे केबिनबाहेर बसली. पण तोंड बघायला साहेबच नव्हते, मग रजा देणार कोण? मी घरी जा म्हटलं, तर म्हणाली, "खाडा लागेल ताई." दिवसभर खोकत तिने खोके भरले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात. मूल वेळेआधी काढावं लागलं. मूल वाचलं, ती गेली.

तिला हाताला धरून गेटबाहेर काढायला हवं होतं मी. नाही काढलं.

*

काही दिवसांनी तिचा नवरा आला. साहेबांना म्हणाला, "ते पोस्टर मिळेल का? मुलीला दाखवायला. आईचे हात आहेत त्यात."

साहेब म्हणाले, "जरूर! फक्त उद्या इन्स्पेक्शन आहे. परवा न्या."

"मग नुसतं बघून जातो," तो म्हणाला. मी त्याला बेसिनपाशी नेलं. बराच वेळ तो सहाही चित्रं बघत राहिला. बोट लावायला हात वर केला आणि थांबला. नळ सोडला, हात ओले केले.

"मुलगी अजून काचेच्या पेटीत आहे," तो म्हणाला. "नर्सने सवय लावलीय. कशालाही हात लावायचा तर आधी नीट धुवायचे."

ओले हात पुढे धरून त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"ताई, साबण कुठे ठेवता तुम्ही?"