पाहिले, फाइल करावे

सरकारी फायलींवर शेरे लिहिण्यात नोकरी घालवलेले नोटिंगसाहेब कुणालाही नावाने हाक मारत नसत. मी ‘उमेदवार’, दूधवाला ‘पुरवठादार’, आणि त्यांच्या ज्या मुलीला मिळालेल्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये ते निवृत्तीनंतर राहत, त्या ताई ‘अलॉटी’. "माणसं बदलतात, पद राहतं," असं ते म्हणायचे. आम्ही हा अधिकाऱ्याचा माज समजत होतो.

राजधानीतल्या मुनिरक्याच्या खोलीवरून मी दर रविवारी स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीच्या सरावाला त्यांच्याकडे जायचो. पानिपतात कोणती तुकडी कुठे उभी होती हे त्यांना तोंडपाठ, पण कपाळावरचा चष्मा शोधायला सगळं घर कामाला लागायचं. तासाभरात एकच प्रश्न तीनदा विचारायचे आणि तिसऱ्यांदा म्हणायचे, "उमेदवार, तुमच्या उत्तरात नावीन्य नाही." जेवण म्हणजे चहा-टोस्ट. पालेभाजी आली की "विचाराधीन" म्हणून वाटी सरकवायचे. पुढे तर दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची, आणि चेहरा पांढराफटक.

एकदा ताईंनी मला पुढे करून विचारलं, "बाबा, याचं नाव सांगा बरं."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "फाइल बघावी लागेल," म्हणाले.

ताई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. आज याचं नाव गेलं, उद्या माझं जाईल, एवढंच त्या म्हणाल्या.

फाइल मात्र खरंच निघाली. तिच्यात रक्ताचा सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट होता, जो "सगळं नॉर्मल" असं सांगून साहेबांनी दाबून ठेवला होता. हिमोग्लोबिन सात, बी-ट्वेल्व तळाला. समासात शेरा: ‘पाहिले. फाइल करावे.’ तोही हिरव्या शाईत, जी वापरण्याइतके वर ते नोकरीत कधी चढलेच नव्हते.

"अंकल, हर भूलना बुढ़ापा नहीं होता," डॉक्टर म्हणाले. बी-ट्वेल्वची इंजेक्शनं सुरू झाली. दवाखान्यात मीच न्यायचो. प्रत्येक सुईआधी ते नर्सला विचारायचे, "किसके आदेश से?" काही महिन्यांत चष्मा सापडू लागला, प्रश्न एकदाच येऊ लागला.

त्याच सुमारास माझ्या शेवटच्या प्रयत्नाचा निकाल लागला. यादीत मी नव्हतो. सामान बांधून निरोप घ्यायला गेलो, तर दार साहेबांनीच उघडलं.

"या, सिद्धार्थ," ते म्हणाले.

ताईंचे डोळे भरून आले. साहेब बरे झाले म्हणून मलाही आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण सकाळीच यादी पाहून त्यांनी माझं पद काढून घेतलं होतं. सहा वर्षं मी उमेदवार होतो. त्या एका दिवसापुरतं त्यांनी माझं नाव विसरायला हवं होतं.