सुनंदाची कंपनी आणि माझी सात वर्षं

शहाद्याच्या स्टँडवर मला सोडायला दीर आणि जाऊ आले होते. माझ्याजवळ दोन पिशव्या. एकीत लुगडी, दुसरीत भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, तुरीची डाळ आणि लाल मिरची. माझी मुलगी सुनंदा पुण्यात गाडीवरून पडली होती, पायाचं हाड मोडलं होतं. तिचे वडील वारलेले, लग्न तिने केलेलं नाही, घरात करणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, दोन महिने राहते आणि येते. माझी जाऊ कमल खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "जिजी, पुनामा जाईसन मडम व्हई जाशी. मंग आम्हले वळखशी का?"

मी म्हटलं, "तुले तं मी आतेच वळखत नही."

ती हसली. गाडी सुटली. मी मागे वळून पाहिलं नाही.

दोन महिन्यांची सात वर्षं झाली. गावी राहिलेल्यांना वाटतं आम्ही तिकडे मजेत आहोत. गाव सोडून गेलेल्यांना वाटतं गावात सगळं होतं तसंच आहे. दोघांसाठी लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, काही चुकलं तर दुरुस्त करून वाचा.

माझा बाप म्हणायचा, "जठे जाशी, तठलं पानी गोड म्हनीसन पी." पुण्यात पाणी टँकरचं होतं. प्यायले.

सुनंदा गेम बनवायची. पोरं मोबाईलवर बोटं घासत बसतात, तो. इंजिनिअर झाली, चांगली नोकरी लागली, ती सोडून तिने दोन मैत्रिणींबरोबर ही कंपनी काढली. दोन खोल्या आणि सहा माणसं. मला तो धंदा वाटत नव्हता आणि मी तसं तोंडावर सांगितलंही. पाय प्लास्टरमध्ये असताना ती ऑफिसला जायची, म्हणून मीही रिक्षात बसून जायची आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायची. दिवसभर कुणी कुणाशी बोलत नसे. कानात वायरी घालून सगळे काचेकडे बघत. मला वाटायचं, घरात कुणी गेलंय का?

त्यांचा गेम शेतीचा होता. नदीकाठचं गाव, एक बाई, तिचं पाच एकर रान. सुनंदाने आमचंच रान काढलं होतं, बांधावरच्या बाभळीसकट. तिथे श्रुती नावाची एक मुलगी होती. दिवसभर गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. एक दिवस तिने माझ्या हातात मोबाईल दिला. "आजी, तुम्हाला खेळता आला तर कुणालाही येईल."

मी कापूस वेचायला बसले. बोट लावलं की बोंड निघतं, पाठ दुखत नाही. संध्याकाळी श्रुती म्हणाली, गेम अडकलाय, पुढचा टप्पा उघडत नाही. तिने पाहिलं, आणखी दोघांनी पाहिलं, सुनंदाने लंगडत येऊन पाहिलं. चूक सापडेना. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खेळले, गेम पुन्हा अडकला. तेव्हा श्रुतीच्या लक्षात आलं की मी प्रत्येक शेतात शेवटची ओळ सोडतेय.

"आजी, ही दिसली नाही का तुम्हाला?"

"दिसली. ती माझी नाही."

"मग कुणाची?"

"सरवा वेचणाऱ्याची."

तिला कळलं नाही. मी सांगितलं, शेत कधी झाडूनपुसून नेत नाहीत. वेचणी संपली की मागे उरलेलं, ज्याला शेत नाही तो वेचून नेतो. त्याला सरवा म्हणतात, ती चोरी नाही. माझ्या बापाला शेत नव्हतं. लहानपणी मी लोकांच्या रानात सरवा वेचलाय. लग्न होऊन शेतवाल्याच्या घरी आले तेव्हा पहिल्या वर्षी मी मुद्दाम दोन ओळी सोडल्या, आणि सासू म्हणाली, "एक पुरे शे, माय."

शेत शंभर टक्के वेचल्याशिवाय त्यांचा गेम पुढे जात नव्हता.  सुनंदाला सरवा माहीत होता. गेम करताना तो तिला आठवला नव्हता, एवढंच.

मग त्यांनी गेम बदलला. ओळ सोडली की सकाळी एक बाई टोपली घेऊन येते, वेचते, निघून जाते. ऑफिसातले निम्मे लोक म्हणत होते की ओळ सोडणाऱ्याला बक्षीस द्यायला पाहिजे, नाहीतर कोण सोडेल? सुनंदा नाही म्हणाली. लोक बक्षिसाशिवाय सोडू लागले. कुठल्या कुठल्या देशांतले लोक, ज्यांनी कापसाचं झाड पाहिलेलं नाही, ते त्या बाईची वाट बघत बसत. गेम चालला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. बाहेरदेशच्या एका मोठ्या कंपनीने यांच्यात पैसा घातला. काचेच्या इमारतीत अख्खा मजला घेतला, चाळीस माणसं झाली. कॉफीचं मशीन आलं, बसायला पोत्यासारख्या गाद्या आल्या. त्यात एकदा बसले तर दोघींनी धरून उठवलं. उद्घाटनाची फीत माझ्या हाताने कापून घेतली. आम्हा मायलेकींना कंपनीच्या नावाने नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. पाय केव्हाच बरा झाला होता. मी परत का गेले नाही, असं गावाकडचे विचारतात. सुनंदा रात्री भाकरी मागायची म्हणून. दुसरं कारण नाही.

गावात मला सगळे नावाने ओळखत. इथे मी नऊशे दोनच्या आजी. लिफ्टमधल्या बायका आधी फ्लॅटचा नंबर विचारतात, नाव विचारायचं राहून जातं. मीही त्यांना नंबरानेच ओळखते. माझ्या बोलण्यात डेडलाईन आली, अपडेट आलं. एकदा फोनवर कमलला म्हटलं, मीटिंग चालू आहे, मग बोलते. तिने ते गावभर सांगितलं.

दुसरा गेम चार वर्षं बनत होता. मोठा करायचा होता. होत नव्हता. पहिला खेळणारे कमी झाले. एका मंगळवारी त्या बाहेरदेशच्या कंपनीच्या माणसाने पडद्यावर येऊन दहा मिनिटं बोलून सांगितलं की आता पैसा येणार नाही. मग सुनंदाने चाळीस जणांना उभं राहून सांगितलं. हे मला श्रुतीने सांगितलं. सुनंदा घरी आली, चपला काढल्या, म्हणाली, "आई, बंद झालं." मी विचारलं, जेवतेस का. ती जेवली.

महिन्याभराने तो पहिला गेमसुद्धा बंद व्हायचा होता. शेवटच्या दिवशी श्रुती घरी आली आणि तिने मला मोबाईल दाखवला. लोकांनी शेतंच्या शेतं न वेचता सोडली होती, सगळीकडे पांढरं. ती रडत होती. मला रडू आलं नाही. माझं लक्ष आतल्या खोलीकडे होतं. सुनंदा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. ती रोज तशीच पडायची. ताट समोर ठेवलं की खायची, उचललं की पुन्हा पडायची. रागावणं नाही, बोलणं नाही.

फ्लॅट कंपनीचा होता, सोडावा लागणार होता. एजंट म्हणाला, "एकटी मुलगी, नोकरी नाही? मालक देत नाहीत हो. फॅमिली असेल तर बघतो." म्हणजे मी असले तर फॅमिली. मी गावी गेले तर सुनंदालाही गावी यावं लागणार, आणि गावी आली तर ती तशीच भिंतीकडे तोंड करून पडणार, हे मला दिसत होतं. त्याच आठवड्यात दिराचा फोन आला. "वहिनी, पोऱ्यानं लगन शे. तुमनं घर मोकळं पडेल शे. तुम्ही येतस का, नही तं आम्ही वापरूत?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी गावी गेलो. आखाजीला सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात. माझं घर उघडलं, वाळवी लागली होती. पाणी ठेवेपर्यंत कमल आली आणि म्हणाली, "जिजी, कितला दिन ऱ्हाशी?" तिच्या मनात काही नव्हतं. पण हे आपण पाहुण्यांना विचारतो.

सुनंदा तिथेही पडून राहिली. तिसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते, ती दारात येऊन बसली. म्हणाली, "आई, तू राहा इथे. तुझं घर आहे. मी बघेन माझं."

"कुठे बघशील?"

ती चौकटीची वाळवी नखाने खरवडू लागली.

"नोकरीसाठी अर्ज केलास का?"

"नाही."

"मग कर. तोवर मी येते."

 तिने उठून माझ्या हातातली कढई घेतली आणि घासायला लागली. वाईट घासली. संध्याकाळी मी दिराला सांगितलं, घर पोरासाठी वापरा, जमीन मात्र माझ्या नावावर राहील. तो बरं म्हणाला.

पुण्यात दोन खोल्या मिळाल्या, अकरा महिन्यांच्या करारावर. सुनंदाला अजून नोकरी नव्हती, पण दोन ठिकाणी बोलावणं आलं होतं. भाडेकरू म्हणून नाव माझं लागलं, कारण सातबारा माझा होता. एजंट लॅपटॉपवर भरत होता. नाव, वय, मुलगी. मग विचारलं, "आजी, कायमचा पत्ता?"

मी गावाचं नाव सांगितलं. तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार.

"तिथे कोण असतं?"

"पुतण्या."

"आणि तुम्ही?"

"मी इथे."

त्याने गावाचा पत्ता भरला. तो खरा नाही, हे त्यालाही कळलं होतं. पण तो रकाना रिकामा ठेवला तर करार होत नाही. मी सही केली, पूर्ण नाव, वळणदार. शेजारी सुनंदाने साक्षीदार म्हणून केली.