पोरांची जागा

कुठलंही वाक्य बोलून झालं की गुरुजी उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे आणि थांबायचे. वेद शिकवताना गुरू एकदा म्हणतो आणि शिष्य दोनदा. त्याला संथा म्हणतात. जन्मभर संथा दिलेल्या या माणसाची बोटं बाजारातही वर जायची. "भिंडी ताजी देना," म्हणून ते थांबले की ब्रह्मा घाटाचा सब्जीवाला मुकाट्यानं म्हणायचा, "ताजी, गुरुजी, ताजी." मग ते पुढच्या टोपलीकडे वळायचे.

मी बँकेच्या बदलीवर काशीत आलेला, त्यांचा भाडेकरू. 'कॉम्प्युटरवाला' ही पदवी त्यांनीच दिली. अशी पदवी तुम्हीही कधी मिरवली असेल, तर ती खरी नाही हे सांगायची वेळ कशी निघून जाते ते तुम्हाला ठाऊक असेल.

त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येणार नाही. मग ते रोज सकाळी फोनवर एकेक पाठ रेकॉर्ड करायचे, स्वतःलाच ईमेल करायचे आणि फोनमधून पुसून टाकायचे. विद्यार्थ्यांना लगेच का पाठवत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आधी मी ऐकेन. तपासल्याशिवाय पोरांना द्यायचं नाही."

ती सगळी मेल त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या एकाच फाइलीत साठत गेली. सर्व्हरवर काही उरू नये अशी व्यवस्था मीच करून दिली होती, स्वच्छता म्हणून. फाइल फुगली, आणि ते अस्पतालात असतानाच ती उघडेनाशी झाली. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "भाऊ, यांचा आवाज आता तेवढाच आहे. बघा."

मी दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला. फाइल उघडली, पाठ बाहेर आले. मी तिथे थांबायला हवं होतं. पण पाठ फार जड होते, आणि दुसऱ्या एका प्रोग्रामनं सुचवलं की आवाज नसलेल्या जागा कापल्या तर ते निम्म्याहून हलके होतील. कापल्या. मग जागा व्हावी म्हणून ती फुगलेली मूळ फाइलही पुसली, आणि आपली बहादुरी काकूंना चहाबरोबर सविस्तर ऐकवली.

गुरुजी घरी आले, गळ्याला पट्टी बांधून. मी पाठ लावला. त्यांचाच आवाज, खणखणीत. त्यांनी दोन बोटं वर केली. आवाज थांबेना. एक ओळ झाली की लगेच दुसरी. बोटं हवेत तशीच. शेवटी त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'पोरं कधी म्हणणार?'

मी घाईघाईनं म्हणालो, "मोकळी जागा परत घालतो की, गुरुजी. सोपं आहे."

त्यांनी मान हलवली. लिहिलं, 'कापलेल्या जागेत मी ऐकत बसलोय.'

मी कॉम्प्युटरची तारच ओढली, कारण पुसलेल्या फाइलीवर नवं काही लिहिलं गेलं की ती गेलीच. डिस्क काढून छातीशी धरली आणि पुसलेलं परत मिळवून देणाऱ्या दुकानाकडे निघालो. गल्लीत सांड आडवा उभा होता. त्यालाही हात जोडले. दुकानात फाइल सापडली, पण फाटकी. या वेळी आधी तिची प्रत केली आणि प्रतीवरच दुरुस्ती चालवली. जवळजवळ सगळे पाठ आले. शेवटचा मात्र अर्ध्यावर तुटत होता. मी मान खाली घालून सांगितलं. पाटीवर उत्तर आलं, 'तेवढं पोरांना येतं.'

बाकीचे पाठ त्यांनी एकेक करून ऐकले, तपासले आणि स्वतः पाठवले. गेल्या थंडीत ते गेले.

परवा काकूंनी नवा स्पीकर आणला आणि तो लावून द्यायला मला बोलावलं. पोरं कुठल्याशा यज्ञाला गेली होती. मी चाचणी म्हणून पहिला पाठ लावला. एक ओळ आली आणि आवाज थांबला. खोलीत कुणी नव्हतं. ती जागा मला फारच लांब वाटायला लागली. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच ती ओळ म्हटली, येईल तशी. दोनदा.

तिकडून, अगदी बारीक, आलं, "हं." आणि पुढची ओळ सुरू झाली.