धुळवडीच्या दिवशीचे वेध

ग्रहण जवळ आलं की आमच्या लोणारच्या बायका माझ्या औषधाच्या दुकानात वेध विचारायला येतात. काउंटरच्या मागे कॅलेंडर टांगलेलं आहे. मी चष्मा लावते, बारीक अक्षरं वाचून दाखवते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. जे आपल्याकडे दिसत नाही ते पाळायचं नसतं, एवढं मला पाठ झालंय. यंदा दिसणारं एकच होतं, धुळवडीच्या दिवसाचं चंद्रग्रहण. त्यानंतरचं पुढच्या वर्षी आषाढ अमावास्येला, दुपारनंतर, सूर्याचं. मग त्याच्या पुढच्या वर्षी गुरुपौर्णिमेला आणि डिसेंबरच्या शेवटच्या रात्री चंद्राची दोन. मी स्वतः यातलं काही पाळत नाही. पाळणाऱ्यांशी वादही घालत नाही, कारण दुकान चालवायचं असतं.

धुळवडीच्या ग्रहणात चंद्र ग्रासलेलाच उगवणार होता, म्हणून वेध सकाळपासून होते. माझी सून तेव्हा सातव्या महिन्यात होती. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. डोहाळजेवण इथे करायचं म्हणून तिला महिनाभरासाठी माझ्याकडे आणलं होतं. गरोदरपणातली साखर निघाली होती आणि सकाळ-दुपार-रात्र जेवणाआधी इन्सुलिन सुरू होतं. पेन आणि सुया माझ्याच दुकानातल्या. टोचायचं कसं हेही मीच शिकवलं होतं.

चार दिवस आधी विहीणबाईंचा फोन आला. त्या डोणगावजवळच्या खेड्यात राहतात, भाजीपाल्याची शेती आहे.

"पोरीले सकाळपासून पाळू द्या, बाई. उठून दिवस निघायच्या आत खाऊन घे म्हना, मंग संध्याकाळपर्यंत पान्याचा थेंब नाही."

मी म्हटलं, गरोदर आणि आजारी बायांना सवलत असते, पंचांगातच लिहिलंय.

"सवलत आजाऱ्याले हो. माही पोरगी काय आजारी हाय?"

"साखर आहे तिला."

"साखर त आजकाल साऱ्याइलेच हाय. मले बी हाय. मी काय मेली?"

मी हसले आणि बघू म्हणाले. खरं तर तेव्हाच ठाम नाही म्हणायला हवं होतं. का म्हटलं नाही, ते सांगते.

माझा मुलगा जन्मला तेव्हा त्याचा वरचा ओठ फाटलेला होता. तान्हा असतानाच शस्त्रक्रिया झाली, आता मिशीखाली व्रण दिसतही नाही. पण त्या काळात घरात, गल्लीत, अगदी दवाखान्यातल्या आयांमध्येसुद्धा एकच बोलणं होतं: बाईनं ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. मी फार्मसीची पदविका घेतलेली बाई, ओठ कशानं फाटतो ते मला माहीत होतं. तरी कित्येक वर्षं मी मनात आठवत बसायचे की त्या दिवशी हातात विळी होती का. आठवायचं नाही, आणि न आठवण्याचाच त्रास व्हायचा.

सुनेनं हे कुणाकडून तरी ऐकलं होतं. होळीच्या संध्याकाळी पुरण वाटता वाटता तिनं विचारलं, "आई, तुम्ही खरंच काही कापलं होतं काय हो ग्रहणात?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "माहीत नाही."

ती पुरणावरून नजर न काढता म्हणाली, "मी पाळते उद्या. एकच दिवस तर आहे."

मी पाळ म्हणाले. तिला धीर द्यायचा म्हणून की मला स्वतःलाच धाकधूक होती म्हणून, ते आजही नीट सांगता येणार नाही.

धुळवडीला ती पहाटे उठली, सकाळचं इंजेक्शन घेतलं, पोळी-भाजी खाल्ली. इथवर सगळं ठीक होतं. माझा डबाही तिनं तेव्हाच भरून ठेवला. वेध लागल्यावर विळी-सुरीला हात लावायचा नव्हता.

धुळवडीला इतर दुकानं बंद असतात, पण औषधाचं दुकान उघडं ठेवावं लागतं. सकाळपासून डोळ्यांत रंग गेलेली माणसं येत होती. एकजण हिरवागार चेहरा घेऊन काउंटरवर ओणवा होता, मी त्याच्या डोळ्यात पाणी सोडत होते, तेवढ्यात सुनेचा फोन आला. खांदा आणि कान यांच्यात धरला.

"आई, एक वाजला. दुपारचं इंजेक्शन घेऊ काय? औषध चालते काय वेधात?"

"घे. औषधाला वेध नसतात. औषध चुकवायचं नाही कधी."

"बरं."

हे वाक्य मी दिवसातून वीसदा बोलते. औषध चुकवू नका, मध्येच बंद करू नका, बरं वाटलं तरी पूर्ण कोर्स घ्या. जीभ आपोआप वळते. तो हिरवा माणूस म्हणाला, "ताई, दुसऱ्या डोळ्यात बी टाका ना, काऊन थांबल्या?" मी दुसऱ्या डोळ्यात टाकलं.

दोन वाजायला आले तेव्हा गर्दी ओसरली आणि मी डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, आणि हात तिथेच थांबला. जेवणाआधीचं इन्सुलिन घ्यायला मी तिला सांगितलं होतं. आणि जेवण नव्हतं.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. रॅकवरून ग्लुकोजचा डबा काढला, शटर अर्धं ओढलं आणि स्कूटी काढली. घर पाच मिनिटांवर आहे. वाटेत पोरांनी अंगावर रंगाचं पाणी टाकलं. मी थांबले नाही.

ती आतल्या खोलीत खिडकीवर चादर लावून चटईवर बसली होती, भिंतीला टेकून. अंगाला घाम सुटलेला, केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. फोन शेजारीच वाजून गप्प झालेला. मी हाक मारली तर माझ्याकडे पाहिलं, पण ओळखीनं नव्हे. ग्लुकोमीटर काढून बोट टोचलं. बेचाळीस. सत्तरच्या खाली जाऊ द्यायची नसते साखर.

पाण्यात ग्लुकोज कालवून पेला तोंडाला लावला, तर तिनं दात घट्ट मिटले.

"वेध हायेत," ती पुटपुटली.

"तोंड उघड."

"बाळाले..."

"बाळासाठीच म्हणते. उघड तोंड."

मी तिचा जबडा धरला. धसमुसळेपणानं धरला, दुसऱ्या दिवशी गालावर बोटांचे वण होते. घोट-घोट करून अर्धा पेला गेला. थोड्या वेळानं नजर ठिकाणावर आली आणि ती रडायला लागली. मी आणखी अर्धा पेला पाजला, पोळी आणि गूळ खायला लावलं, शेजारच्यांचा ऑटो बोलावला आणि इथे तिला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. ऑटोत तिनं दोन्ही हात पोटावर धरले होते. म्हणाली, "आई, सकाळपासून हाललं नाही वाटते." मग म्हणाली, "का मलेच समजलं नाही?"

मी ऑटोवाल्याला जोरात घे म्हटलं.

डॉक्टरबाईंनी पोटावर जेल लावून ठोक्यांचं यंत्र ठेवलं. आधी नुसती खरखर आली. डावीकडे सरकवलं, खरखर. खाली सरकवलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्या माझ्याकडे मुद्दाम पाहत नव्हत्या. मग टकटक सुरू झाली, वेगात, एकसारखी. सुनेनं डोळे मिटले.

"आता आहे ठोका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उद्या मेहकरला जाऊन सोनोग्राफी करून घ्या, मग बघू. काय खाल्लं होतं दुपारी?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं.

"उपाशी होती," मी म्हटलं. "ग्रहण पाळत होती."

"आणि इन्सुलिन घेतलंस?" त्या तिच्यावर चिडल्या. "ग्रॅज्युएट आहेस ना गं तू? सासू औषधाचं दुकान चालवते, त्यांना विचारायचं तरी!"

सुनेनं मान खाली घातली. मी फाइलमधले कागद सरळ करत राहिले.

साखर पुन्हा पुन्हा तपासत त्यांनी संध्याकाळपर्यंत तिला तिथेच ठेवलं. परत येताना पूर्वेला चंद्र वर आला होता, कडेला थोडासा खाल्लेला. ऑटोवाल्यानं मागे वळून सांगितलं, सुटत आलं म्हणून. आम्ही दोघींनीही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. बाळ हलत होतं, पाणी ठीक होतं, वाढ ठीक होती. मेंदूला काही झालं असेल तर ते यात कळतं का, असं मी विचारलं. ते आत्ता सांगता येत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. रात्री विहीणबाईंचा फोन आला. सुनेनं त्यांना सांगितलं, सगळं पाळलं, काही त्रास झाला नाही. मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं. मुलाला मात्र तिनं उपाशी राहिल्याचं सांगितलं होतं. तो फोनवर तिच्यावर ओरडला, "तुले कोण म्हटलं होतं असं करायले?" ती म्हणाली, "माझंच चुकलं."

मी शेजारी भाजी निवडत होते. ऐकलं आणि निवडत राहिले.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुकान लवकर बंद करून मी डॉक्टरबाईंकडे गेले. पेशंट संपेपर्यंत बाकावर बसले. आत जाऊन सांगितलं की टोचायला मी सांगितलं होतं. तिनं विचारलं होतं, आणि मी जेवणाचं बोललेच नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला कशाला सांगताय? तिला सांगितलंत का?"

सांगितलं नव्हतं.

घरी आले तेव्हा ती ओट्याजवळ उभी राहून रात्रीचं इंजेक्शन तयार करत होती. ताट वाढलेलं होतं, शेजारीच. मी चप्पल काढायच्या आत बोलले. तुझी चूक नव्हती, माझी होती, तुला शिव्या खाऊ दिल्या. मुलालाही आज सांगते.

तिनं सुई लावली, टोचली, दहा आकडे मोजेपर्यंत थांबली, मग पेन बाजूला ठेवलं.

"मले माहीत होतं, आई, घेतल्यावर जेवा लागते," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही घे म्हटलं, त मले वाटलं, तुम्हाले माहीत असंन."

मग ती ताट घेऊन खाली बसली. मी मुलाला फोन लावला.