पोळ्याच्या दिवशीची पावती

अन्याय माझ्या मावशीवर झाला. यंदा, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी. त्या मिनिटाला अकोल्यातल्या एका विमा एजंटाने तिच्या गाडीच्या पॉलिसीची कॉम्प्युटरवर नोंद केली. पैसे तिने आदल्या दिवशी, पोळ्याच्या दुपारी, रोख भरले होते. आणि गाडीला ट्रकने ठोकलं ते तान्ह्या पोळ्याच्या सकाळी दहाला. म्हणजे कॉम्प्युटरला विचाराल तर माझ्या मावशीने आधी गाडी ठोकून घेतली आणि मग धावत जाऊन विमा काढला. कंपनीच्या पत्रात हे इतकं उघड लिहिलेलं नाही. भाषा सभ्य आहे. अर्थ तोच.

मावशीची मूर्तिजापूरजवळ फुलशेती, झेंडू आणि शेवंती. काका वारल्यावर चार वर्षं तिचा माल तिचा दीर अकोल्याला न्यायचा आणि संध्याकाळी येऊन भाव सांगायचा. जो सांगेल तो खरा. मग पंचेचाळिसाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली. जुनी पांढरी गाडी घेतली. फुलं टेम्पोने पुढे जायची आणि ही मागून स्वतः गाडी हाकत जायची, लिलावात आपल्या ढिगाशेजारी उभी राहायला. दीर चारचौघांत म्हणाला, "वहिनी आता पायलट झाली." ती म्हणाली, "व्हय. तुमी मांगं बसा."

पोळ्याला फुलांना उठाव असतो. माल विकून ती थेट एजंटाकडे गेली, कारण जुन्या विम्याचा तो शेवटचा दिवस होता. एजंटाला पोळा सुटायच्या आत आपलं गाव गाठायचं होतं. त्याने पैसे घेतले, लहान मशीनमधून पावती फाडून दिली आणि कॉम्प्युटरची नोंद दुसऱ्या दिवसावर टाकली. मोबाईल नंबरच्या जागी तो सगळ्यांसाठी स्वतःचाच नंबर टाकतो. ओटीपी मागत गिऱ्हाइकाच्या मागे कोण फिरणार? त्यामुळे कंपनीचा जो काय मेसेज यायचा तो त्यालाच. मावशीकडे राहिली फक्त चार बोटं रुंदीची ती पावती. तिच्यावर तारीख होती, वेळ होती, गाडीचा नंबर होता.

अपघातात मावशीला खरचटलं, बाकी काही नाही. ट्रक थांबला नाही. गाडी मागून चेपली, ती ओढून अकोल्याच्या गॅरेजमध्ये नेली. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला, आणि जाताना तारखेवरून अडचण येईल, मूळ कागद सांभाळा, असं सांगून गेला. मावशीने मला फोन केला. पावतीचा फोटो काढून पाठवते म्हणाली. मी म्हटलं, फोटोबिटो राहू दे, कागद घेऊन अमरावतीला ये.

हे मी का म्हटलं ते सांगणं भाग आहे. आमचा एक गट आहे, आम्ही पत्रकं वाटतो. त्यातलं 'कागद सोडू नका' हे पत्रक माझं. धारणीकडच्या गावांत रेंज नाही म्हणून माणसं रेशनदुकानातून रिकाम्या हाताने परत जाताना मी पाहिली होती. एका म्हातारीचा फोन बंद पडला, तर तिच्या नावावर काहीच नाही असं तिला तोंडावर सांगितलं गेलं. रागात लिहिलेलं पत्रक आहे ते. त्यातलं एकही वाक्य मला आजही खोटं वाटत नाही. पण ते अर्धंच होतं, हे कळायला मावशीची पावती लागली.

आमच्याकडे कागद जपायचा म्हणजे लॅमिनेशन करायचं. रेशनकार्ड, टीसी, मार्कशीट, सगळं प्लॅस्टिकमध्ये. मावशीला घेऊन मी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि पिशवी त्याच्यासमोर ओतली. आरसी झाली, जुनी पॉलिसी झाली. पावती हातात घेऊन तो थांबला.

"ताई, हे नका करू. फोटो मारून ठिवा मोबाईलमंधी."

"मोबाईलचा भरवसा मले नका सांगू," मी म्हटलं. "कागद टिकला पाह्यजे. टाका मशीनमंधी."

तो आणखी काही सांगत होता. मी त्याला आमचं पत्रक दिलं.

पावती मशीनच्या दुसऱ्या बाजूने काळी होऊन बाहेर आली. तसल्या पावतीवर शाई नसते, तो कागदच गरम झाला की काळा पडतो, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं. तारीख गेली, वेळ गेली, गाडीचा नंबर गेला. प्लॅस्टिक मात्र चकचकीत. पन्नास वर्षं टिकेल. मावशीने ती उजेडाकडे धरली, उलटी करून पाहिली.

"मी त फोटो काढूनच राहिली होती वं," ती म्हणाली. आणि काळी पावती तिने पिशवीत ठेवली.

मग मी जे करता येतं ते सगळं केलं. एजंट म्हणतो, फोन नवा घेतला, जुने मेसेज गेले, मशीनमध्येही जुनं राहत नाही. पैसे मिळाले हे तो मान्य करतो. कधी मिळाले हे लिहून द्यायला तयार नाही, कारण मग त्याची एजन्सी जाईल. कंपनीच्या ॲपवर काळ्या पावतीचा फोटो टाकला, तर 'कागदपत्र अस्पष्ट, पुन्हा अपलोड करा'. तिसऱ्यांदा टाकल्यावर तक्रारच बंद झाली. कंपनीच्या अमरावतीच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, सिस्टिममध्ये आहे तेच खरं. मी विचारलं, सिस्टिममध्ये घालतं कोण? एजंट. कधी घालतो? त्याला वेळ मिळेल तेव्हा. हे बोलून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

एका माणसाने घरी जायच्या घाईत केलेला आळस कॉम्प्युटरमध्ये शिरला की तो पुरावा होतो, आणि एका बाईचं तोंडी सत्य म्हणजे लबाडी. हे मी कुठेही ओरडून सांगू शकते. सांगतेही. पण तिचा एकमेव कागद मी जाळला, आणि त्याचं पत्रक निघत नाही.

दसरा गेला, दिवाळी गेली. गाडी गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली आहे आणि गॅरेजवाला ती हलवा म्हणून मागे लागलाय. फुलं पुन्हा दीर नेतो. संध्याकाळी येऊन भाव सांगतो. मावशी ऐकून घेते.

मावशीला आठवतं की त्या दुपारी काउंटरवर तिच्या मागे दोन माणसं उभी होती. एकाच्या हातात हेल्मेट होतं. दुसरी बाई होती, तिच्या काखेत बैलाच्या नव्या झुलीचं गाठोडं होतं. एजंटाने दोघांनाही उद्या या म्हणून परत पाठवलं. ती दोघं कधी सापडतील असं मला वाटत नाही. तरी मागते. तुम्ही त्यांतले एक असाल, तर पोळ्याच्या दिवशी दुपारी माझ्या पुढच्या बाईने पैसे भरलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, असं एका कागदावर लिहा. खाली सही करा. त्याचा फोटो काढा. आणि दोन्ही आणून द्या.