उपाध्यक्ष बदलणार का

न्युरेम्बर्गला माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा आमची मुलगी साडेचार वर्षांची होती आणि माझं जर्मन भाजी-पावाच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. पुण्याहून येऊन आम्हाला दोनच वर्षं झाली होती. तो सॉफ्टवेअर लिहायचा, आणि चांगलं लिहायचा असं सगळे म्हणायचे. २००३ चा हिवाळा सुरू होता होता कंपनीने त्याचा सगळा विभागच बंद केला. यात कुणाची चूक नाही, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. ते पत्र त्याने मला तीनदा वाचून दाखवलं.

आमचं तिथलं राहणंच त्या नोकरीवर होतं. परदेशी माणसांचे परवाने पाहणारं जे ऑफिस असतं, आउसलेंडरबेहोर्डे, तिथल्या बाईंनी आमचे पासपोर्ट चाळून सांगितलं, की परवाना पुढच्या वर्षअखेरीपर्यंत आहे, तोवर नवी नोकरी दाखवा. सुरुवातीला त्याने झपाट्याने अर्ज केले. एर्लांगेनला दोन मुलाखती झाल्या, फ्रँकफर्टला एक. मग नकार येत गेले, आणि मग तो पाकिटं उघडेनासा झाला. फेब्रुवारीपर्यंत त्याचं बोलणंच थांबलं. भांडण नाही, राग नाही. जेवायला बोलावलं की यायचा, पुढ्यात ठेवलं ते थोडं खायचा आणि पुन्हा सोफ्यावर जाऊन बसायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून मला दोन शब्द ऐकू यायचे, ‘हं’ आणि ‘ठेव’.

सासूबाईंचा दर रविवारी फोन यायचा. “तो कुठाय?” त्या विचारायच्या.

“आंघोळीला गेलाय आई. कामाचा फार व्याप आहे हो सध्या.” नोकरी गेल्याचं आम्ही पुण्याला कळवलंच नव्हतं. मी खोटं बोलत असताना तो माझ्यासमोर तीन हातांवर बसलेला असायचा आणि मान वर करायचा नाही.

एका संध्याकाळी आठच्या बातम्या चालू होत्या. मी मुलीच्या दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी गाजरं चिरत होते. टीव्हीवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हात हलवत विमानातून उतरत होते. निवेदिका काहीतरी म्हणाली आणि मागून आवाज आला, “हा त्याला बदलणार.”

मी सुरी खाली ठेवली. “कोण? कुणाला बदलणार?”

“उपाध्यक्षाला. नोव्हेंबरात हा पुन्हा निवडणुकीला उभा राहतोय. तिथे जोडीने उभं राहतात, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष. याच्या पक्षातलेच काही लोक म्हणतायत की जुना जोडीदार आता जड होतोय, तब्येतीचं कारण काढून त्याला घरी बसवावं आणि नवा घ्यावा.”

इतकी वाक्यं तो कित्येक आठवड्यांत बोलला नव्हता. मला राजकारणातलं काही कळत नव्हतं, पुण्यातला आमचा नगरसेवक कोण हेही कधी माहीत नसायचं. पण मी हात पुसले, त्याच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, “मग नवा कोण?”

तो विचार करायला लागला. त्याच्या कपाळावर आठी पडली. कामातलं काही अडलं की पडायची तशी.

दुसऱ्या दिवशी मुलीला किंडरगार्टनला सोडून मी उ-बानने, तिथल्या मेट्रोने, थेट शहराच्या लायब्ररीत गेले. तिथे वर्तमानपत्रं लांब लाकडी दांड्यांना अडकवलेली असतात. मी शब्दकोश घेऊन बसले आणि अमेरिकेची पानं शोधत राहिले. एक बातमी समजायला मला तास लागायचा. दोन-तीन दिवसांनी हाती काहीतरी लागलं: कुणी एक माजी महापौर, त्याला उपाध्यक्ष करावं असं कुणीतरी लिहिलं होतं. संध्याकाळी मी ते नाव सहज आठवल्यासारखं सांगितलं.

“छे,” तो म्हणाला. “तो चालणार नाही. दक्षिणेतली मतं जातील.” आणि मग दहा मिनिटं, का चालणार नाही ते.

पुढचे चार महिने मी हेच करत होते. एक म्हातारे सिनेटर, लढाईत राहून आलेले. एक बाई, राष्ट्राध्यक्षांच्या अगदी विश्वासातल्या. एक माजी सेनापती. प्रत्येक नाव मी पुरवून पुरवून वापरायचे, दोन दिवस, तीन दिवस. नावं संपायला लागली तेव्हा न्यू जर्सीतल्या माझ्या मामेभावाला फोन केला.

“अगं ताई, तुला कशाला हव्यात या चौकश्या?” तो म्हणाला. “इथे आम्ही कुणी त्यावर बोलतसुद्धा नाही. जो आहे तोच राहणार.”

“असं नको म्हणूस,” मी म्हटलं. “अजून कुणाची नावं घेतात, तेवढं सांग.”

माझा आवाज बहुधा बरा नसावा. त्याने पुढे काही न विचारता दोन नावं सांगितली.

मुलीला आमचं मराठी सगळं कळायचं, पण ती उत्तर जर्मनमध्ये द्यायची. एक दिवस किंडरगार्टनच्या बाईंनी मला थांबवलं. मुलांना घरच्यांबद्दल विचारलं होतं, कुणाचे बाबा कुठे असतात. आमच्या मुलीने सांगितलं होतं, “माइन बाबा वोन्ट इम फेर्नझेअर.” माझे बाबा टीव्हीत राहतात. बाई हसत होत्या. मीही हसले आणि कोट घालायच्या खोलीत जाऊन तिचे बूट बांधता बांधता रडले. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

डॉक्टरकडे जाऊ या, असं मी एकदा म्हणून पाहिलं होतं. “मला काय झालंय?” एवढंच तो म्हणाला, आणि मलाही ते पटवून घ्यायचं होतं. संध्याकाळी तो बोलत होता ना. आजारी माणूस कुठे इतकं मुद्देसूद बोलतो?

जूनमध्ये माझ्याकडचं सगळं संपलं. पेपरात दुसऱ्या पक्षाच्या जोडीदाराची चर्चा होती, या पक्षाबद्दल काहीच नव्हतं. तीन संध्याकाळी मी रिकाम्या हाताने घरी आले आणि तीन संध्याकाळी तो गप्प राहिला. चौथ्या दिवशी मी एक माणूस तयार केला. मधल्या कुठल्याशा राज्याचा गव्हर्नर, शेतकऱ्याच्या घरातला, स्पॅनिश येणारा. नावसुद्धा दिलं.

“कुठे वाचलंस?” तो ताठ बसला.

“लायब्ररीत. जर्मन पेपरात.”

“स्पॅनिश येतं? मग हा बरोबर माणूस आहे. याच्याबद्दल कुणी बोललं कसं नाही?”

सकाळी उठून त्याने दाढी केली. कित्येक आठवड्यांनी तो घराबाहेर पडला, त्या माणसाची माहिती इंटरनेटवर शोधायला लायब्ररीत गेला. मी खिडकीतून त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं आणि मला एवढा आनंद झाला की मी खोटं बोलले आहे हेच विसरून गेले. दुसऱ्या दिवशीही तो गेला. तिसऱ्या दिवशी दुपारीच परत आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“असा माणूसच नाहीये,” तो म्हणाला. “पन्नासच्या पन्नास राज्यं बघितली.”

मी गॅस बंद केला.

“का केलंस?”

“तू बोलावंस म्हणून.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. खूप महिन्यांनी नीट पाहिलं, आणि मला वाटलं आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. “आधीची नावं खरी होती?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. तो सोफ्यावर जाऊन बसला आणि त्या दिवसापासून आठच्या बातम्याही बंद झाल्या. मी टीव्ही लावला की तो उठून आत जायचा.

पुढे उन्हाळा संपत आला तेव्हा एकदा रेडिओवर ऐकलं, की राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा स्पष्ट सांगितलंय, जोडीदार तोच राहील. ते त्याला सांगावं की नाही याचा मी दिवसभर विचार केला. शेवटी जेवताना सांगितलं.

“आल्झो,” तो जर्मन लोकांसारखं म्हणाला, “म्हणजे त्याला ठेवला.”

त्यानंतरच्या मंगळवारी पाव आणायला म्हणून तो सकाळी नऊला बाहेर पडला. बेकरी कोपऱ्यावर आहे. अकरापर्यंत तो आला नाही. मी बेकरीत विचारलं, तिथे तो आलाच नव्हता. बारा वाजता मी कालव्याच्या कडेने चालायला लागले. का कालव्याकडे गेले हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. सायकलवाले घंटी वाजवत बाजूने जात होते आणि मी पाण्याकडे बघत चालले होते. किंडरगार्टन सुटायची वेळ झाली म्हणून परत फिरले, मुलीला घेतलं, घरी आले, तर फोन वाजत होता.

त्याच्या जुन्या कंपनीच्या फाटकावरचे चौकीदार होते, वयस्क गृहस्थ. माझं जर्मन बेताचं आहे हे ओळखून ते एकेक शब्द सुटा करून बोलले. तुमचे यजमान इथे आहेत. काळजी करू नका. माझ्या केबिनमध्ये बसलेत, कॉफी घेतायत. पण तुम्ही या.

आम्ही ट्रामने गेलो. तो केबिनमध्ये खुर्चीवर बसला होता, मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल. चौकीदार मला बाजूला घेऊन म्हणाले, “ते मार्चपासून येतात. नेहमी मंगळवारी. फाटकासमोर उभे राहतात, अर्धा तास, मग जातात. आज मात्र गेले नाहीत. म्हणून फाइलवरचा नंबर बघून फोन केला.”

मार्चपासून. रोज संध्याकाळी माझ्याशी मुद्देसूद बोलत होता तेव्हापासून. मंगळवारी मी लायब्ररीत असायचे, दांड्याला लावलेले पेपर उलटत.

मुलीने त्याचा हात धरला. ती त्याला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली आणि तो उठला. तिथून आम्ही घरी गेलोच नाही. मी त्याला सरळ आमच्या भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मुलीला बाहेर चित्रं काढायला बसवलं आणि त्याला इंग्रजीत विचारलं, दिवसभर मनात काय चालू असतं?

त्याने मांडीवरची फाइल टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “अमेरिकेचे अध्यक्ष उपाध्यक्षाला काढतात का, हे बघत होतो. त्याचं काम चांगलं की वाईट ते मला माहीत नाही. पण काही न सांगता काढतात का, ते बघायचं होतं.”

“आणि आता?”

“त्याला ठेवला. मग मलाच का काढलं?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आणखी काही प्रश्न विचारले, त्यातल्या एकाला त्याने नुसती मान हलवून हो म्हटलं. तो प्रश्न मी इथे लिहिणार नाही. त्याच संध्याकाळी त्याला क्लिनिकमध्ये दाखल केलं.

दोन दिवसांनी मी डॉक्टरीणबाईंना एकटी भेटले आणि सगळं सांगितलं, लायब्ररी, मामेभाऊ, तो खोटा गव्हर्नर. त्या कठोर बाई नव्हत्या, पण गोड बोलणाऱ्याही नव्हत्या. म्हणाल्या, “तुम्ही त्यांना बोलतं ठेवलंत. कदाचित त्याने ते तगले. पण त्यामुळेच ते माझ्याकडे चार महिने उशिरा आले. दोन्ही खरं आहे.”

त्या रविवारी सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा खरं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “तू जेवलीस का?” मी नाही म्हटलं. “आधी जेव. मग मला नीट सांग. मी फोन धरून बसते.” आणि खरोखरच त्या बसल्या.

तो क्लिनिकमध्ये दहा आठवडे होता. नोव्हेंबरात अमेरिकेची निवडणूक झाली, जुनीच जोडी निवडून आली. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी भेटायला जायचे तेव्हा आम्ही मागच्या बागेत फेऱ्या मारायचो. सुरुवातीला माझ्या जिभेवर सवयीने काहीतरी विषय यायचा आणि मी तो गिळायचे. एकदा तो स्वतःहून म्हणाला, “तू काही सांगितलं नाहीस तरी चालतं.”

आउसलेंडरबेहोर्डेतल्या बाईंनी क्लिनिकचं पत्र वाचलं आणि उपचार संपेपर्यंत परवाना वाढवून दिला. त्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. फेब्रुवारीत आम्ही पुण्याला परत आलो. मुलीला वर्षभर मराठी शाळेत फार जड गेलं. मग ती जर्मन विसरली, इतकी की त्या किंडरगार्टनच्या बाईंचा चेहराही तिला आता आठवत नाही.

तो आता एका कॉलेजात शिकवतो. गोळ्या चालू आहेत. वर्षातून एखाद-दोन वेळा तो गप्प होतो. पहिल्या दिवशी मी काही करत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला सरळ विचारते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करते, त्याला आवडो न आवडो. गेल्या खेपेला मी नंबर फिरवत असताना तो बाहेरच्या खोलीतून म्हणाला, “सकाळची वेळ घे, दुपारी माझा तास आहे.”