थायरॉईडच्या डोळ्याला ताप नसतो

"गॉगल काढा," परभणीच्या डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या. काढला. त्यांनी बॅटरी मारून वर बघायला सांगितलं. डावा डोळा वर गेला. उजवा जागचा हलेना.

"ताप आहे ना? मग हा नुसता थायरॉईड नाही. ऑर्बिटल सेल्युलायटिस आहे. आत्ताच भरती व्हा."

म्हणजे डोळ्याच्या खोबणीतल्या मांसात जंतू शिरले होते. नाकाशेजारच्या पोकळ्यांतून, सर्दीच्या वाटेनं. पू वाढला तर नजरेची नस दबते आणि डोळा जातो.

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. सोनपेठजवळच्या गावात शिकवण्या घेते. मला थायरॉईड आय डिसीज आहे, म्हणजे थायरॉईडच्या विकारात डोळ्यांमागचं मांस सुजून डोळे बाहेर येतात. त्यामुळं उजवा डोळा आणखी सुजला तेव्हा मला वाटलं, जुनंच दुखणं. गावाला वाटलं, डोळे आले. अशा डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात, अशी आमच्याकडची समजूत.

शेजारची काकू दारातूनच ओरडली, "मास्तरीणबाई, गॉगल घाला! आख्ख्या गल्लीचे डोळे लाल करता काय?"

लोकांसाठी मी घरातही गॉगल घालून बसले. काळ्या काचेमागं डोळा बिघडत गेला, तो आईनंसुद्धा पाहिला नाही. ताप चढला तेव्हा कुठं परभणी गाठली.

दवाखान्यात सलाईनमधून अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारायचं औषध, सुरू झालं. डॉक्टर येता-जाता औषधाच्या बाटलीचं लाल टोपण एकेका डोळ्यासमोर धरत. "लाल फिकं दिसलं तर लगेच सांगायचं. नस दबायला लागली की आधी रंग जातो."

त्या गेल्या की मला धीर धरवेना. आईला समोर बसवायची आणि आळीपाळीनं एकेक डोळा झाकून तिचं कुंकू बघायची.

"किती बघायलीस गं? माझ्या कुंकवाला नजर लावतीस काय?" आई म्हणायची. हसायची, पण हलायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंकू डाव्या डोळ्याला लाल दिसलं. उजव्याला विटकरी. पुन्हा बघितलं. विटकरीच.

"काय झालं? बोल की!" आई म्हणाली. मी सिस्टरला हाक मारली. ती डॉक्टरांना बोलवायला अक्षरशः पळत गेली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

लगेच ऑपरेशन झालं. नाकातून दुर्बीण घालून पू काढला. मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी उजव्या डोळ्यासमोर टोपण धरलं. मी आधी डोळा मिटूनच घेतला. मग बघितलं. लाल होतं.

"नजर वाचली," त्या म्हणाल्या. "थायरॉईडचे उपचार पुढं चालू राहतील. डोळे पूर्ण आत जातीलच असं नाही."

ज्यांना माझ्यासारखा आजार आहे त्यांना सांगते: एकच डोळा अचानक सुजला, ताप आला, डोळा फिरवताना कळ आली, तर जुनंच आहे म्हणून बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

परवा शिकवणीत एक पोरगी घाबरत म्हणाली, "बाई, तुमी माझ्यावर चिडलाव का?"

"नाही गं, माझे डोळेच तसे आहेत," म्हटलं. "आणि तिसऱ्या गणितात हातचा विसरलीस. इथून दिसायलाय मला."